पालकांना प्रवेश नाही

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीत मुलांनी कुठला सिनेमा पाहावा आणि कुठला पाहू नये, हे ठरवण्याचं काम काही वर्षं गांगुर्डे सरांकडे होतं. मे महिन्यात दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना सिनेमा दाखवायचा असं ठरलं, आणि त्यासाठी समिती नेमायची असंही ठरलं. आमच्याकडे समितीशिवाय पाण्याची टाकीसुद्धा धुतली जात नाही. मला समितीत घेतलं, कारण प्रोजेक्टर माझा होता. तांडेलताईंना घेतलं, कारण एक बाई हवी होती. आणि सरांना घेतलं ते, चेअरमन राणेंच्या शब्दांत सांगायचं तर, "उद्या काही लोचा झाला तर पुढे करायला कोणीतरी सभ्य माणूस पाहिजे ना!"

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते हे बोलावणं फार मनावर घेऊन आले.

कल्याणच्या एका शाळेतून ते पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा हाफशर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला शेवट असायचा. आमच्या इमारतीत वाक्य पूर्ण करणारा तो एकच माणूस होता. बाकी आम्ही सगळे "अरे ते आपलं ते" यावर भागवतो. सर बोलायला लागले की आधी "मुद्दा असा की" म्हणायचे, मग थोडं थांबायचे. त्या थांबण्यात समोरचा माणूस आपोआप सरळ बसायचा. भाजीवालासुद्धा.

पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला सांगितलं, "मुद्दा असा की, प्रश्न चित्रपटाचा नाही. प्रश्न परिणामाचा आहे."

तांडेलताई म्हणाल्या, "सर, मना नाय समजत. पोरा हसली त काय वांदा?"

ताई चेंदणी कोळीवाड्यातल्या. लग्न होऊन आमच्या वसाहतीत आल्या त्याला तीस वर्षं झाली असतील, पण बोली त्यांनी सोडली नाही. महापालिकेत नोकरी करून दमून यायच्या आणि समितीने आधी पाहायच्या प्रत्येक सिनेमात पहिल्या गाण्यालाच झोपायच्या. तरी त्यांचं मत कायम तयार असायचं, आणि ते कायम "चालंल" हेच असायचं.

"हसण्याला माझा विरोध नाही," सर म्हणाले. "पण कशावर हसतात, हे पाहायला नको?"

सुरुवातीला सरांनी पुठ्ठा वापरला. सिनेमा आधी दोनदा घरी पाहून ठेवायचे, आणि शनिवारी प्रोजेक्टरशेजारी पुठ्ठा घेऊन उभे राहायचे. नको ते दृश्य आलं की पुठ्ठा भिंगासमोर धरायचा आणि ते संपलं की काढायचा. एकदा जंगलातल्या साहसाचा सिनेमा होता. त्यात नायक-नायिका धबधब्याखाली भेटतात, तेवढंच झाकायचं होतं. पण मध्ये लाइट गेली. परत आल्यावर मी सिनेमा थोडा आधीपासून सुरू केला आणि सरांचा घड्याळावरचा हिशोब चुकला. पुठ्ठा वर गेला तेव्हा पडद्यावर नायकाचे आजोबा आजीच्या पायातला काटा काढत होते. चित्र बंद, आवाज चालू. अंधारात सगळ्यांनी ऐकलं, "अहो, हळू… दुखतंय ना!" आणि त्यावर आजोबांचा आवाज, "झालं, झालं. अजून थोडंच."

पुढच्या रांगांमधली मुलं कंटाळून खाली पडलेला वेफर शोधत होती. मागच्या रांगेतले पालक मात्र खुर्च्यांवरून अर्धे उठले होते. एका आईने मुलीचे कान झाकले. कुणीतरी ओरडलं, "सर, हे काय लावलंय?" सरांनी गोंधळून पुठ्ठा खाली घेतला, तेव्हा काटा निघून गेलेला होता आणि धबधबा सुरू झाला होता. तो सगळ्यांनी पूर्ण पाहिला.

त्यानंतर पुठ्ठा बंद झाला. सरांनी नवी पद्धत काढली. पडद्याच्या शेजारी, मुलांकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि पूर्ण सिनेमाभर मुलांचे चेहरे पाहायचे. परिणाम थेट दिसतो, असं त्यांचं म्हणणं. सिनेमाच्या उजेडात त्यांचा एक गाल कधी निळा, कधी लाल व्हायचा, पण डोळे हलायचे नाहीत. मुलांची बिचाऱ्यांची पंचाईत झाली. विनोद आला की आधी सरांकडे बघायचं, आणि सर आपल्याकडेच बघतायत म्हटल्यावर हसू गिळायचं. दोन उन्हाळे आमच्या हॉलमध्ये विनोदी सिनेमे दुखवट्याच्या शांततेत पार पडले. सरांनी वार्षिक सभेत सांगितलं, "मुलं अंतर्मुख होतात, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे." पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तो सिनेमा आला.

दहावीतल्या चार पोरांची गोष्ट होती. नाव सांगत नाही, कारण आमच्या वसाहतीत त्या नावाने अजून भांडण होतं. नववी-दहावीची सगळी पोरं त्यासाठी मागे लागली. माझा निहार तेव्हा नववीत होता. तो म्हणाला, "पप्पा, सगळ्यांनी बघितलाय, आपल्याच इथे नाही. एकदम भारी आहे." पालकांच्या ग्रुपवर मात्र त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरत होता आणि खाली रागाने लाल झालेले चेहरे पडत होते. राणेंनी लिहिलं, "हा फॅमिली पिक्चर नाहीये." त्यांनी तो पाहिला नव्हता. ग्रुपवर कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे एकमत लवकर झालं.

समितीने तो सरांच्या घरी पाहायचा ठरवला. सरांची पत्नी वारल्यापासून घरात ते आणि त्यांची नात सांची, दोघंच. मुलगा-सून ठाकुर्लीला राहायचे, पण सांचीची शाळा ठाण्यात, म्हणून ती आठवीपासून आजोबांकडे. चौदा वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेली, विचारलं तेवढंच बोलणारी मुलगी. सर कौतुकाने सांगायचे, "आमची सांची फार समजूतदार आहे. तिला हसणं-खिदळणं आवडत नाही." त्या दिवशी तिला मैत्रिणीकडे पाठवलं होतं.

सिनेमा सुरू झाला. ताई झोपल्या. पडद्यावरची पोरं शिव्या देत होती, प्रीलिमच्या मार्कशीटवर बापाची सही ठोकत होती, भर वर्गात एकाला गॅस झाला तर सगळा बाक त्याला टाळ्या देत होता. एक पोरगा हिंमत करून एका मुलीचा हात धरतो आणि लगेच सोडतो, कारण त्याच्या हाताला घाम आलेला असतो. आणि मोठी माणसं? एक आई पेपर चालू असताना वर्गाच्या खिडकीतून मुलाला पाणी पाज म्हणून शिपायाशी भांडते. मुख्याध्यापक पोरांवर पाळत ठेवायला झाडावर चढतात आणि उतरता येत नाही म्हणून पोरांनाच हाका मारतात.

त्या मुख्याध्यापकाला पाहून मी सरांकडे बघायचं टाळलं.

"मुद्दा असा की," सर म्हणाले, "यात विनोद कुणावर आहे?"

"कुणावर?" मी म्हणालो.

"आपल्यावर आहे." ते रागावले नव्हते. गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाले.

शेवटाकडे एक प्रसंग होता. सही ठोकलेला पोरगा पकडला जातो आणि मित्रांना सांगतो, मला घरी जायचं नाही. मित्र विचारतात, मारतात का रे घरी? तो म्हणतो, "मारत नाय रे. कोणी काय बोलत पण नाय. नुसते बघत बसतात."

"परत लावा," सर म्हणाले.

मी मागे घेऊन लावला. मला वाटलं, आक्षेप सापडला. पाहून झाल्यावर ते पुन्हा म्हणाले, "परत लावा." तिसऱ्या वेळेला ताई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "चालंल, चालंल."

मग सरांनी चहा आणला. मी विचारलं, "सर, तुम्ही या वयात असताना असं काही केलंत की नाही?"

"आमच्यात दहावी होती," ते म्हणाले. "टीनएज नव्हतं."

मग थोडंसं सांगितलं. कल्याणजवळ मोहन्याला चाळीत दोन खोल्या, वडील कारखान्यात. दहावीच्या वर्षी वडील आजारी पडले म्हणून सर संध्याकाळी कारखान्याच्या कँटीनमध्ये कपबशा विसळायचे आणि तिथेच अभ्यास करायचे. वर्गातली पोरं परीक्षा संपली त्या दिवशी सिनेमाला गेली. सरांनाही बोलावलं होतं. "मी म्हणालो, वेळ नाही. खरं म्हणजे वेळ होता. पण घराण्यातला पहिला दहावी व्हायला निघालेला मुलगा टिवल्याबावल्या करताना कुणाला दिसला असता तर? सगळी चाळ बघत होती माझ्याकडे." असं म्हणून त्यांनी कप उचलून आत नेला. त्यात काही दुःख आहे, असं त्यांच्या आवाजावरून वाटत नव्हतं. मी मात्र बिस्कीट तसंच हातात धरून बसलो.

निर्णय त्यांनी त्या दिवशी दिला नाही. "परिणाम पाहिल्याशिवाय नाही," म्हणाले.

परिणाम पाहायला घरात एकच मूल होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सांचीला तो सिनेमा लावून दिला आणि शेजारी खुर्ची टाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी माझ्या दारात उभे होते, आणि पहिल्यांदाच त्यांचा शर्ट पँटच्या बाहेर आलेला दिसला.

"आत या ना सर."

"नको. इथेच सांगतो. तासभर ती हसली नाही. एकदाही नाही. मी मनात नोंद केली, मुलांना हा विनोद रुचत नाही. मग चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो." ते थांबले. हे थांबणं नेहमीचं नव्हतं. "आणि आतून आवाज आला. मला वाटलं, कुणी बाहेरची मुलगी आली आहे. मी डोकावलो. सांचीच हसत होती. सोफ्यावर आडवी पडून, पाय झाडत, उशी तोंडावर दाबून हसत होती. दोन वर्षं माझ्या घरात राहते ती. मला तिच्या हसण्याचा आवाज ओळखू आला नाही हो."

"मग?"

"मग काय, चहा उतू गेला. वास आला तिला. तिने विचारलं, आजोबा, काय झालं? आणि गप्पकन सरळ बसली. मी म्हणालो, काही नाही, तू बघ, मला आत काम आहे. सिनेमा संपेपर्यंत मी ओट्याशी उभा होतो." त्यांनी दाराची कडी बोटाने उगाच हलवली. "तो चित्रपट मुलांसाठी योग्य आहे. मुद्दा असा की… आपण योग्य नाही."

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर सरांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली. शनिवारी सिनेमा होईल. वय वर्षं तेरा ते सतरा. पालकांना प्रवेश नाही.

ग्रुपवर जे पेटलं ते विचारू नका. "मुलांना एकटं कसं बसवणार?" "आत काय दाखवणार आहेत नक्की?" "आम्ही मेंटेनन्स भरतो!" ज्यांनी वर्षभर मुलांना दोन तास एकटं सोडून मॉल पालथे घातले होते, त्यांनाही अचानक मुलांचा विरह सोसेना. राणे स्वतः सरांकडे गेले. मी सोबत होतो.

"सर, पालक म्हणतात आम्ही मागे बसतो गुपचूप. काय हरकत आहे?"

"तुम्ही मागे बसलात की मुलं पुढे बसणार नाहीत," सर म्हणाले. "नुसती शरीरं बसतील."

"पण जबाबदारी कोणाची?"

"माझी. त्यासाठीच तर तुम्ही मला समितीत घेतलंत."

राणेंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

शनिवारी मी सिनेमा सुरू करून दिला आणि बाहेर आलो. माझ्यावरही बंदी होती. सर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, दाराकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून. व्हरांड्यात पालकांची गर्दी. कुणी सहज आलं होतं, कुणी फेऱ्या मारायला, कुणी "लिफ्ट बंद आहे म्हणून" तळमजल्यावर उभं होतं. लिफ्ट चालू होती. सांची आत होती. जाताना तिने आजोबांकडे पाहिलं होतं, आणि सरांनी मान वळवली होती.

आतून पहिला हशा आला तेव्हा पालक दचकले. मग हशे येतच राहिले. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्या सरकवल्याचे आवाज. "कशाला हसतायत एवढे?" एक बाबा म्हणाले. "माझा मुलगा एवढ्या मोठ्याने हसतच नाही," एका आईने सांगितलं, "तो दुसरा कुणीतरी असेल." माझ्या शेजारचे गृहस्थ सरांना विचारायला लागले, "निदान आता काय चाललंय ते तरी सांगा." सर म्हणाले, "मला दिसत नाही."

आणि अचानक आत सगळं शांत झालं.

कुठला प्रसंग लागला असेल ते मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. पण बाकीच्यांचा धीर सुटला. हशापेक्षा ती शांतता त्यांना जड गेली. राणेंनी प्लास्टिकची खुर्ची ओढून हॉलच्या खिडकीखाली लावली आणि वर चढले. पोटामुळे त्यांना काच गाठता येईना. तांडेलताईंनी खुर्ची धरली आणि म्हणाल्या, "चेअरमन, उतरा. पडलात त पोरा उद्या तुमच्यावरच पिक्चर काढतील."

"अहो, पण गप्प का झाले सगळे? काय दाखवताय तुम्ही?"

सर उठले. खिडकीपाशी गेले आणि राणेंना हात दिला. "खाली या, राणे. ते आपल्यासाठी नाही."

राणे हात धरून उतरले, पण तो हात त्यांनी नंतर माफ केला नाही.

रविवारी विशेष सभा झाली. एक आई उभी राहिली. "काल माझा मुलगा घरी आला, अर्धा तास काही बोलला नाही. मग माझ्याजवळ येऊन बसला. नुसता बसला. मोबाइल पण नव्हता हातात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही. सर, तुम्ही मुलांना नक्की काय दाखवलंत?"

सभेत कुजबुज झाली. प्रकार गंभीर होता.

सरांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले. "मुद्दा असा की," म्हणाले, आणि थांबले. आम्ही सगळे सवयीने सरळ बसलो. पण पुढे ते काही बोललेच नाहीत. एकदा त्या आईकडे पाहिलं, हात जोडले आणि खाली बसले. त्यांचं अर्धं सोडलेलं वाक्य मी ते एकच ऐकलं.

समिती बरखास्त झाली. यापुढे पालकांच्या संमतीने, संपूर्ण कुटुंबासह पाहण्याजोगे सिनेमेच दाखवायचे, असा ठराव एकमताने झाला. मीही हात वर केला. प्रोजेक्टर माझा होता, वसाहतीत राहायचं होतं. पुढच्या शनिवारी बोलणाऱ्या हत्तीचा कार्टून सिनेमा लावला. पालकांनी हॉल भरला, मुलं मोजून चार आली, आणि तीही मध्यंतरात पळाली. पालकांनी शेवटपर्यंत पाहिला. चांगला संदेश होता, म्हणाले.

त्यानंतर सर वसाहतीत कमी दिसू लागले. सांचीची दहावी झाली, तिने कल्याणच्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि सरही खोली भाड्याने देऊन मुलाकडे ठाकुर्लीला गेले. जाताना सगळ्यांना भेटले, राणेंनासुद्धा. राणेंनी त्यांना शाल दिली. सोसायटीत कुणालाही घालवून दिल्यावर शाल देण्याची पद्धत आहे.

मागच्या महिन्यात कामासाठी ठाकुर्लीला गेलेलो. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा होतो, तर पुढच्या रिक्षात गांगुर्डे सर. बारीक झालेले, शर्ट तोच पांढरा, शेजारी सांची. तिने केस कापले होते आणि ती न थांबता बोलत होती. हातवारे करत, मध्येच कुणाचा तरी आवाज काढत, मध्येच एक अशी शिवी देत की त्यांचा रिक्षावालासुद्धा आरशात बघायला लागला. कुठल्या तरी सिनेमाची गोष्ट सांगत होती. सरांना हल्ली कमी ऐकू येत असावं. ते तिच्या बाजूला पूर्ण कलले होते, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मध्येच सांचीला स्वतःच सांगितलेल्या विनोदाचं इतकं हसू आलं की तिला पुढे बोलवेना. पुढची गाडी हलली, त्यांचीही रिक्षा सुटली. मला फक्त सरांचा आवाज आला. नेहमीसारखा स्पष्ट, पण घाईतला:

"अगं थांब, हसू नकोस आधीच! तो भिंतीवरून पडला ते कळलं. पण तो चढला कशाला होता?"